पिवळ्यावर काळा

पत्र्यावर भरलेली लांबी वाळायला दोन दिवस लागतात. हवा ओली असेल तर पाच.

एका टाकीत तेरा लिटर पेट्रोल मावते. गाडी एका लिटरमध्ये चाळीस किलोमीटर जाते. एक मनुष्य जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर गेला. तर टाकीत किती उरले?

"आवो, पिवळा रंग काय वाईट होता?"

काळ्यात खड्डा लपत नाही, सरजी. काळा रंग चुगलखोर असतो.

मी, बन्सीधर, वय वर्षे छत्तीस, धंदा शिक्षक, राहणार परभणी, समक्ष विचारल्यावरून सांगतो की

"सर, पिवळी कुठंय?"

हा शेवटचा प्रश्न लिंबाजीसरांचा. सतरा ऑगस्टला, बंद असलेली शाळा पुन्हा उघडली त्या दिवशी, ती सुटल्यावर, फाटकाशी उभं राहून त्यांनी तो विचारला, आणि विचारताना ते नेहमीसारखेच हसत होते. बन्सीधरच्या हातातली छत्री मात्र एकाएकी जड झाली. तीन वर्षं लिंबाजी त्याच्या मागे बसून शाळेत येत होते. बन्सीधर गणित शिकवायचा, लिंबाजी भूगोल. सकाळी सव्वादहाला लिंबाजी त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीखाली उभे असत, गाडी पुरती थांबायच्या आतच पाय टाकून बसत आणि बन्सीधरच्या डाव्या खांद्यावर हात ठेवत. गाडीला 'पिवळी' हे नाव त्यांनीच दिलेलं. हिंगोलीच्या जनावरांच्या डॉक्टरकडून बन्सीधरने ती जुनी राजदूत घेतली तेव्हाच ती तशी होती; डॉक्टरने हौसेने हैदराबादहून रंगवून आणलेली. नवरदेवाच्या अंगाला लावलेल्या हळदीसारखा रंग. अख्ख्या जिल्ह्यात त्या रंगाची दुसरी गाडी नव्हती. पेडगावच्या बाजारात पोरं 'पिवळे सर आले' म्हणून ओरडायची आणि बन्सीधरला ते आवडायचं. आता त्याला वाटलं, आपल्याला ते आवडत होतं हेसुद्धा कुणीतरी लिहून ठेवलं असेल.

"रंगाला टाकलीय," तो म्हणाला.

"कुनाकडं? खाजामियाँकडं?"

"हो."

"परत पिवळाच ना?"

हो म्हणावं असं त्याच्या मनात होतं. "काळा," त्याची जीभ म्हणाली.

"काळा!" लिंबाजी मोठ्याने हसले. "काय सर, वकिली सुरू करायलाव का काय?"

मग दोघं चालत निघाले. चालताना दोघांना एकमेकांकडे बघता येतं, ही नवीच अडचण होती. गाडीवर तीन वर्षं लिंबाजीला त्याची फक्त पाठ दिसत होती आणि त्याला लिंबाजीचा फक्त आवाज ऐकू येत होता. आता मान जरा वळवली की लिंबाजीचा चेहरा, गालाचं हाड, चष्म्याची दोऱ्याने बांधलेली काडी. बन्सीधर रस्त्याकडे बघत चालला. लिंबाजी पावसाबद्दल बोलत होते, सहामाहीच्या पेपरांबद्दल बोलत होते, आणि बोलता बोलता, आवाज जरासुद्धा न बदलता म्हणाले, "मावशीला घेऊन आलोय सर हिकडं. धुरपतामावशी. हात लय भाजलेत तिचे. घर तर गेलंच." बन्सीधर म्हणाला, "अरेरे." हा शब्द त्याने वर्गात खडू तुटल्यावर म्हणतात तसा म्हटला. त्यालाही तो तसाच ऐकू आला.

विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव मुंबईत झाला तो सत्तावीस जुलैला. त्यानंतरचा आठवडा बन्सीधरला आता एखाद्या फाटलेल्या कॅलेंडरसारखा आठवतो, मधली पानं नसलेला. शाळा बंद होती. एसट्या बंद होत्या. रेडिओ हळू आवाजात लावलेला. शाळा बंद व्हायच्या आधी शिक्षकांच्या खोलीत कुणी काही म्हणालं की तो म्हणायचा, "दोन्ही बाजूंनी समजून घेतलं पाहिजे." हे वाक्य त्याला तेव्हा फार सुरक्षित वाटलं होतं. तो कुठल्या मोर्चात गेला नाही, कुठल्या सभेत बसला नाही. तीन ऑगस्टला, गुरुवारी, सकाळी साडेआठला चुलतभाऊ तात्याराव दारात आला. "बन्सी, फटफटी दे. झरीला जाऊन येतो." बन्सीधरने आदल्याच दिवशी टाकी भरून आणली होती, एसट्या बंद, पंप कधी बंद होईल सांगता येत नाही म्हणून. त्याने खुंटीवरची किल्ली काढून दिली. कशाला, असं विचारलं नाही. थोरल्या चुलतभावाला कशाला म्हणून विचारायची त्यांच्या घरात रीतच नव्हती. तात्याराव निघाला तेव्हा कोपऱ्यावर आणखी एक जण त्याच्या मागे बसला. तो कोण, हे बन्सीधरने बघितलं नाही. म्हणजे त्याने तेव्हा मान फिरवली, हे त्याला आठवतं.

झरी अठरा किलोमीटर. जाऊन-येऊन छत्तीस. एक लिटर, फार तर सव्वा. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा तात्याराव ती ढकलत आणत होता. टाकीचं झाकण उघडून बन्सीधरने आत बघितलं, मग कान लावून गाडी हलवली. आत काही वाजलं नाही. हत्यारांच्या डब्यात हातभर लांबीची रबरी नळी होती, ती त्याची नव्हती. नळीला पेट्रोल आणि ऑइलचा वास होता, त्याच्या गाडीत पडतं त्याच मिश्रणाचा. पुढचं मडगार्ड चेपलेलं होतं. "दगुड लागला," तात्याराव म्हणाला आणि चहा न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या. कुठल्या कुठल्या गावांची नावं. त्यांतल्या एका गावाचं नाव बन्सीधर तेव्हापासून मनातसुद्धा घेत नाही. ते झरीच्या वाटेवर नाही. नदीच्या अंगाला आहे. तिथपर्यंतही जाऊन-येऊन साधारण छत्तीसच होतात.

त्याने गाडीत परत पेट्रोल भरलं नाही. पंपावरचा माणूस म्हणाला असता, सर, परवाच तर फुल्ल केली. तेरा दिवस ती घराच्या बोळात पोत्याखाली उभी होती. पोत्याखालून चाकाजवळचा पिवळा दिसायचा. मग सोळा तारखेला भर दुपारी, लोक जेवायला गेलेले असताना, तो ती ढकलत खाजामियाँच्या दुकानात घेऊन गेला. वाटभर त्याच्या मनात, अजून कुणी न मागितलेला जबाब चालू होता.

मी, बन्सीधर, वय वर्षे छत्तीस, धंदा शिक्षक, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, दिनांक तीन रोजी सकाळी माझे चुलतभाऊ

खाजामियाँ पेंटरचं दुकान म्हणजे पत्र्याचं एक लांबट शेड. पुढच्या बाजूला दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, मागच्या बाजूला गाड्या. माणूस साठीचा, दाढीला मेंदी, पापण्यांवर कायम कुठल्या तरी रंगाचा बारीक धुरळा. परभणीतच काय, नांदेडपर्यंत त्याच्याइतका हात कुणाचा नाही, म्हणून बन्सीधर त्याच्याकडे गेला. नंतर त्याला कळलं, हीच चूक झाली. स्टँडमागच्या कुठल्याही टुकार पेंटरने दोन दिवसांत ब्रशने काळा फासून दिला असता.

"पिवळ्यावर काळा?" खाजामियाँने गाडीभोवती एक फेरी मारली. "नै सरजी. वरून मारला तर आज चकाचक. उद्या एक खडा उडाला, की आतून पिवळा डोकावतो. घूंगट के अंदर से दुल्हन के माफिक. पुरा खरवडना पडता. पत्र्यापर्यंत."

खडा उडाला की आतून पिवळा. "पत्र्यापर्यंत खरवडा," तो म्हणाला.

"टाकी तो ठणठणीत कोरडी लाए. लोगां एक-दो लिटर छोडते, मेरेकू काढना पडता. तुमी लय शिस्तीचे."

यावर काय म्हणायचं असतं? बन्सीधर हसला. खाजामियाँने एकशेचाळीस सांगितले. बन्सीधर बरं म्हणाला. म्हाताऱ्याने पापण्यांवरचा धुरळा पुसून त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या उभ्या आयुष्यात पहिला आकडा ऐकून बरं म्हणणारं गिऱ्हाईक आलेलं नसावं. मग त्याने एक गोष्ट केली. चाकूने टाकीच्या पोटाखालचा बोटाच्या पेराएवढा रंगाचा पापुद्रा अलगद सोडवला, भिंतीवरच्या फळीजवळ गेला, डब्याडब्यांतून थेंब थेंब घेत काचेवर रंग मिसळला, पापुद्र्याशी ताडून बघितला, डोळे मिटून पुन्हा एक थेंब घातला, आणि फळीवर एक ठिपका दिला. पापुद्रा आणि ठिपका शेजारी धरला. फरक नव्हता. मग बारीक ब्रशने खाली लिहिलं: बन्सीधर सर, राजदूत, पिवळा, ऑगस्ट ७८.

सागाची दरवाजाएवढी फळी होती ती. वरपासून खालपर्यंत ठिपके. जीपांचे, ट्रॅक्टरांचे, स्कूटरांचे, डॉक्टरांच्या मोटारींचे. प्रत्येकाखाली नाव.

"हे कशाला?" त्याने विचारलं.

"माझं रजिस्टर. जुना रंग भी, नवा भी. कल को तुमारा दिल पलटा, म्हनाल खाजामियाँ, मेरी पिवळी वापस दे, तो? बत्तीस साल का हर रंग हाय यहाँ. आदमी झूट बोलेगा, फळी नै बोलती."

झालं. ज्यासाठी तो आला होता ते इथे उलटं झालं होतं. गाडीवरचा रंग जाईल, पण भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असा, त्याच्या नावासकट राहील. नको म्हणावं. का नको? असं खाजामियाँ विचारणारच. तो घरी आला, हात धुतले, पुन्हा धुतले. बायकोने, कुसुमने, जेवायला वाढलं. आमटी पिवळी होती. भातावरचं वरण पिवळं होतं. यात काही नवीन नव्हतं, रोज असतं तसंच होतं, पण त्या दिवसापासून तो मोजायला लागला.

त्यानंतर हवा ओली झाली. ऑगस्ट संपेपर्यंत रोज झिरझिर, आणि ऊन पडलं तरी दमट, चिकट. "गिल्या हवेत ड्यूको पेंट मारला की दुधाळतो सरजी. काळ्यावर सफेद झाक येती. फिर तुमीच म्हनता, खाजामियाँ ने धोका दिया." लांबी वाळेना. वाळली तर वीज गेली, कॉम्प्रेसर बंद. वीज आली तर थिनर संपला. हैदराबादहून यायचा होता. आला तो महाग आला. एकशेचाळीसचे एकशेपंचाहत्तर झाले. प्रत्येक वेळी बन्सीधर बरं म्हणायचा. घाई करावी तर खाजामियाँ म्हणेल, कायकू एवढी घाई. घाई करू नये तर गाडी तशीच पडलेली, अर्धी खरवडलेली, टाकी खिळ्याला टांगलेली आणि टाकीच्या बुडाशी, जिथे चाकू पोचला नव्हता तिथे, बोटभर पिवळा. रस्त्याने जाणारा कुणीही मान वळवून ते बघू शकत होता. म्हातारा मुद्दाम वेळ लावतोय का? त्याला काही कळलं आहे का? एकशेपंचाहत्तर हा थिनरचा भाव की गप्प राहण्याचा? दोन्हींचे आकडे सारखेच दिसतात.

एकदा खाजामियाँ म्हणालाच, "सरजी, तुमी घासाघीस करत न्हाई. डर लगता मेरेकू." आणि हसला. त्या दिवशी बन्सीधर घरी येऊन आरशासमोर उभा राहिला. "काय राव, लूट चालवलीय का? दीडशेच्या वर एक पैसा देणार नाही!" आवाज बारीक निघाला. पुन्हा म्हणून बघितलं. कुसुम स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "कुनाला वरडायलाव?" तो म्हणाला, "कुणाला नाही." ती म्हणाली, "आवो, पिवळा रंग काय वाईट होता? मला तर लांबून कळायचं, आलाव म्हनून." तिला काही माहीत होतं का? माहीत नसणं आणि न विचारणं हे बाईच्या तोंडावर वेगवेगळं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात जाऊन घासाघीस केली, पाठ केल्यासारखी, आणि खाजामियाँने दहा रुपये कमी केले. बाहेर पडताना त्याला वाटलं, आता तर नक्कीच संशय आला असणार.

आठवी ब मध्ये त्याने टाकीचं गणित फळ्यावर लिहिलं. पुस्तकातलंच होतं, आकडे फक्त त्याने बदलले. ते बदलले हे त्याला लिहून झाल्यावर कळलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, बारा पूर्णांक एक दशांश उरलं." बरोबर आहे, तो म्हणाला. "पण सर," ती म्हणाली, "टाकी गळकी आहे का ते दिलं न्हाई." तास संपायला वीस मिनिटं होती. त्याने सगळा फळा पुसला आणि इष्टिकाचिती शिकवायला घेतली.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तात्याराव आला. मक्याची कणसं घेऊन आला, खाटेवर पाय पसरून बसला, कुसुमकडून चहा मागून घेतला. ती आत गेल्यावर म्हणाला, "गाडी काळी कराय टाकली म्हनं?"

"जुनी झाली होती."

"येडा का खुळा तू? पिवळी ऱ्हाऊ दिली असती तर कोन इचारत होतं? आता समदी इचारतील, का काळी केली." त्याने कणसाची साल एका झटक्यात सोलली. "काय म्हाईतंय तुला? सांग की. काय म्हाईतंय?"

"काही नाही."

"मंग? ज्याला काय म्हाईत न्हाई त्याला भ्याव कशाचं?" आणि मग, चहाची कपबशी हातात आल्यावर, कुसुमदेखत, हसत हसत, "कुसुम, ह्याचं तेवढं पेट्रोल ऱ्हायलंय माझ्याकडं. कधी मागना बी बिचारा. किती झालं रं, बन्सी?"

बन्सीधर म्हणाला, राहू दे. हे राहू दे त्याने किती सहज म्हटलं. बारा लिटरचं राहू दे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मला काही माहीत नाही. मला माहीत नाही हे मला केव्हापासून माहीत आहे, असे विचारल्यावरून सांगतो की

लिंबाजीबरोबर चालणं सुटत नव्हतं. लवकर निघावं तर ते टाकीखाली उभेच असत, उशिरा निघावं तर म्हणत, "थांबलो होतो सर तुमच्यासाठी." रोज गाडीची चौकशी. एकदा तर म्हणाले, "खाजामियाँ माझ्या वळखीचा हाय. जाऊन दटावतो की त्याला, आमच्या सरांची गाडी का अडकवली म्हनून." बन्सीधर इतक्या जोरात नको म्हणाला की रस्त्यातलं कुत्रं उठलं. आणि मग त्या एका सकाळी, पुलाजवळ, लिंबाजींनी ते सांगितलं. मावशीनं सांगितलेलं. ती शेळी घेऊन वस्तीकडं येत होती. लिंबाखाली एक फटफटी उभी. दोघं जण नळीनं फटफटीच्या पोटातून काहीतरी डब्यात काढायलेले. तिला वाटलं, गाडी बिघडली लेकरांची. "पानी देऊ का, म्हनली मावशी. त्यातला एक जन नको म्हनला. नको आत्या, म्हनला." लिंबाजी थांबले, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "आत्या म्हनला, सर. मग अर्ध्या घंट्यानं तिचंच घर पहिलं."

बन्सीधरला एकच विचारायचं होतं. गाडीचा रंग सांगितला का तिने? हे पाच शब्द तो शाळा येईपर्यंत पावलागणिक मनात मोजत राहिला. विचारलं तर का विचारलं. नाही विचारलं तर का नाही विचारलं. फटफटी म्हटल्यावर कोणीही विचारील, कसली होती? लिंबाजींनी आपणहून सांगितलं नाही. म्हणजे तिला आठवत नाही? की सांगितलंय, आणि लिंबाजी बघताहेत, हा माणूस विचारतो का ते? "मावशीनं समदं सांगितलंय लिहून घेनाऱ्या पोलिसाला," लिंबाजी एवढंच म्हणाले. "तीन-तीनदा सांगितलंय." तासाची घंटा झाली. दिवसभर त्याला वाटत होतं, शाळेच्या आवारात जीप येईल. एक आलीसुद्धा. पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे घेऊन आली होती. तो मुतारीत जाऊन उभा राहिला आणि जीप जाईपर्यंत बाहेर आला नाही.

फळी. आता सगळं त्या फळीवर येऊन थांबलं होतं. गाडी काळी होईल, आज ना उद्या. तात्याराव बोलणार नाही. राहिला तो रुपयाएवढा एक ठिपका. कोणी मावशीला दुकानात नेलं, फळीपुढे उभं केलं आणि विचारलं, यातला कोणता? खाजामियाँ शुक्रवारी दुपारी नमाजाला जातो आणि दुकान उघडंच टाकून जातो, हे त्याने दोन शुक्रवार हेरून ठेवलं. तिसऱ्या शुक्रवारी, बावीस सप्टेंबरला, पोट दुखतंय म्हणून अर्धी रजा टाकली. पोट खरंच दुखत होतं.

शेडमध्ये शिरताना आधी त्याला गाडी दिसली. तिच्यावर काळ्याचा पहिला हात बसला होता. चकाकी नव्हती, जळक्या लाकडासारखी दिसत होती. त्याने तिकडे बघायचं टाळलं. थिनरचा डबा कुठे असतो ते त्याला माहीत होतं. चिंधी बुडवली. थिनर बोटांना गार लागला, नाकात झोंबला. फळीपुढे उभं राहून त्याने हात वर केला.

"काय पुसायलास बाबा?"

जीपचं एक सुटं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, त्याच्यापलीकडे बाकावर एक म्हातारी बसली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. मांडीवर ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे. ती कोण, हे तिने सांगायची गरज नव्हती.

"डाग," तो म्हणाला.

"कंचा डाग? समदी फळीच डागाची हाय." ती हसली. दात दोन-चारच होते. "खाजामियाँ न्हाईत. निमाजाला गेलेत. आमचा लिंबाजी आज रजा टाकून दवाखान्याचा मलम आनायला गेलाय, हितं बस म्हनला सावलीला. त्यो पिवळा नको पुसूस. तेवढाच चांगला दिसायलाय."

त्याचा हात वरच होता. चिंधीतून थिनर कोपरापर्यंत ओघळत होता. ती उठली, हळूहळू आली, त्याच्या शेजारी उभी राहिली. तिच्या अंगाला मलमाचा आणि धुराचा वास होता, किंवा नुसता मलमाचा. तिने तोंड फळीजवळ नेलं. बराच वेळ बघितलं.

"ह्यो कुनाच्या गाडीचा हाय?"

"माहीत नाही."

"खाली लिवलंय की. तुज्या खिशाला पेन हाय. वाच."

"काही लिहिलेलं नाही."

"मंग ह्या काय मुंग्या हायत?"

बाहेरून सायकलची घंटा गेली. बन्सीधर म्हणाला, "रंगाचं नाव आहे. पिवळा, असं लिहिलंय."

"येवढं लांबलचक? नुसतं पिवळा म्हनायला?" तिने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. दुकानदार वजनात मारतोय हे दिसत असूनही पिशवी पुढे धरणारं माणूस बघतं, तसं. आणि तेवढ्यात शेडच्या तोंडाशी लिंबाजी उभे होते, हातात कागदाची पुडी.

"सर? तुमी हितं?" आणि मग मावशीकडे वळून, "मावशी, हे आमचे सर. सांगतो न्हवं का तुला."

"ह्येच का? ज्येंच्या फटफटीवर तू जातूस?" तिने बांधलेले हात जरा वर उचलले, नमस्कार केल्यासारखे. "सरास्नी वाचता येईना, लिंबाजी. तू वाच ते."

लिंबाजी जवळ आले. त्यांनी चिंधी बघितली. ठिपका बघितला. खालची ओळ वाचली. ओठ हलले नाहीत, पण डोळे डावीकडून उजवीकडे गेले, आणि परत पहिल्यापासून गेले. बन्सीधर वाट बघत होता. सात आठवडे तो ज्याची वाट बघत होता ते आता होणार, आणि त्याला चक्क वाटलं, होऊ दे. मग त्याने लिंबाजीच्या हाताकडे बघितलं. पुडी धरलेला हात थरथरत होता. ही थरथर बन्सीधरच्या ओळखीची होती, रात्रंदिवस ती त्याच्याच अंगात होती. पण ही जुनी होती, मुरलेली, त्याच्या जन्माच्याही आधीची असावी अशी. या माणसाला शाळेत नोकरी करायची होती. सकाळी सव्वादहाला रस्त्यावर उभं राहायचं होतं. बायकोला, पोरांना आणि आता या म्हातारीला घेऊन याच गावात राहायचं होतं, जिथे तात्याराव होता, आणि कोपऱ्यावर बसलेला तो दुसरा होता, आणि बन्सीधर होता.

"काय न्हाई मावशी," लिंबाजी म्हणाले. "रंगाचं नाव हाय."

"पिवळा?"

"पिवळा."

म्हातारीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुमा शिकलेल्यांचं एकच येतंय मंग," ती म्हणाली. लिंबाजींनी तिला कोपराजवळ धरलं, जिथे पट्टी नव्हती, आणि बाहेर नेलं. ठिपका फळीवर होता. बन्सीधरने चिंधी टाकून दिली, मग उचलून खिशात घातली, मग घराच्या वाटेवर कुठेतरी टाकली.

गाडी सहा ऑक्टोबरला मिळाली. दोनशेवीस रुपये झाले होते. काम अप्रतिम होतं. टाकीत स्वतःचा चेहरा दिसत होता. खाजामियाँने फळीवर पिवळ्याच्या शेजारी काळा ठिपका दिला आणि नाव पुन्हा लिहायचे कष्ट वाचवण्यासाठी दोघांना मिळून एक कंस काढला. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला बन्सीधरने गाडी पाण्याच्या टाकीखाली उभी केली.

"बसा, सर."

"नवी दिसायलीय," लिंबाजी म्हणाले. त्यांनी गाडीला हात लावला नाही. "वैनीला बसवा आधी. आमी येतो चालत."

तो थोडा पुढे गेला, थांबला, आरशात बघितलं. लिंबाजी रस्त्याच्या कडेने, खाली बघत, छत्री काखेत धरून चालत होते. आरसा लहान होता आणि गाडीचं इंजिन चालू असल्यामुळे त्यातला माणूस सारखा थरथरत होता. बन्सीधर निघाला. खडीच्या रस्त्यावर त्याने वेग अगदी कमी ठेवला, आणि प्रत्येक वेळी एखादा खडा उडून पत्र्यावर वाजला की तो उतरून बघत असे. शाळेला पोचायला त्याला लिंबाजीपेक्षा जास्त वेळ लागला.

धुरपताबाईंचा जबाब अकरा ऑगस्टला लिहून घेतला गेला. तो दीड पानाचा आहे. त्यात फटफटीचा उल्लेख नाही.